‘आपण’ म्हणायचं नाही

"अगं बाई, पुढे भिंत आहे! पुढून कुठून वळू? भिंतीवर चढून?"

कुणीतरी चक्क मोबाईलला झापत होतं, आणि राग मात्र तिला आला.

येणारच ना. कारण त्या मोबाईलमधून आत्ताच जे वाक्य निघालं होतं, "हरकत नाही, पुढून वळता येईल," ते तिनेच लिहिलं होतं. रस्ता दाखवणाऱ्या ॲपमध्ये जो बाईचा आवाज असतो, तो होता दुसऱ्याच कुणाचा. पण त्याने कधी काय बोलायचं, कसं बोलायचं, ते ही ठरवायची. ऑफिसात तिला सगळे वाटाडी म्हणत. वाटाड्याचं स्त्रीलिंग हेच की आणखी काही, हे कुणीच तपासलं नव्हतं, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं.

छापखान्यामागचा बोळ होता तो. नुकतीच एक भुरभुर येऊन गेली होती, कौलांवरून अजून थेंब टपकत होते, आणि बोळाच्या टोकाला भिंतीसमोर एक उंचसा तरुण ओल्या केसांनी उभा होता.

"ॲपचा काय दोष त्यात?" ती म्हणाली. "भिंत नवी असेल."

त्याने वळून पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. "शेवाळं आलंय हो तिच्यावर."

"मग शेवाळं नवं असेल."

तो हसला. असा मनापासून हसला की तिला आपला राग धरून ठेवायला जड जाऊ लागलं. तेवढ्यात तिच्या हातातला मोबाईल खेकसला, पुरुषी, ठणठणीत आवाजात. "तुम्ही चुकलात. मागे फिरा."

त्याचं हसू एकदम मावळलं. "तुम्ही… हे दुसरं ॲप वापरता?"

"वापरते कसली, सहन करते. बोलणं बघा ना! दारात आलेल्या उधारीवाल्याशीसुद्धा कुणी इतकं तोडून बोलत नाही."

"घाईत लिहिलं असेल बिचाऱ्याने," तो पुटपुटला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कुणी?"

"ज्याने कुणी लिहिलं असेल… त्याने."

दोघं बोळातून बरोबरच बाहेर आली. कोपऱ्यावर तो डावीकडे गेला, ती उजवीकडे. थोडं पुढे गेल्यावर तिने सहज म्हणून मागे पाहिलं, तर तोही सहज म्हणूनच मागे पाहत होता. दोघंही इतकी गडबडली की ती एका सायकलला धडकली आणि त्याने काय केलं ते तिला दिसलंच नाही.

*

आता पुढचं कळायला एक गोष्ट सांगायला हवी. रस्ता दाखवणारी म्हणण्यासारखी ॲप दोनच होती. एक हिच्या कंपनीचं, दुसरं त्या खेकसणाऱ्या कंपनीचं. आणि त्याच आठवड्यात बातमी फुटली की दोन्ही कंपन्या एक होणार. मोठी कंपनी हिच्या कंपनीला पोटात घेणार. पण नुसतं दोघांनी ठरवून भागत नाही. दोन दांडगे एक झाले की तिसऱ्याला जागा उरत नाही आणि लोकांना निवड उरत नाही, म्हणून स्पर्धा आयोग नावाचं एक खातं आधी सगळं तपासतं. त्याने मान डोलावली तर ठीक. तोवर दोघांनी पूर्वीसारखंच परक्यासारखं राहायचं.

ते परकेपण सांभाळायला एक वकीलबाई नेमल्या होत्या. पांढरे केस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या. पहिल्या बैठकीला समोरच्या कंपनीची माणसं दुसऱ्या शहरातून आली. दार उघडलं, आणि वाटाडीच्या हातातला कप बशीत खडखडला.

तो! बोळातला, ओल्या केसांचा!

"अरे! आपण भेटलो होतो ना?" तो आनंदाने म्हणाला.

वकीलबाई खोकल्या. साधा खोकला नव्हता तो. इतका कोरडा की टेबलावरचे कागदसुद्धा गप्प झाले.

"पहिला नियम," त्या म्हणाल्या. "या खोलीत ‘आपण’ म्हणायचं नाही. आयोगाची मंजुरी येईपर्यंत तुम्ही एकमेकांचे स्पर्धक आहात. लग्न ठरलंय, झालेलं नाही. ‘आम्ही’ म्हणा, ‘तुम्ही’ म्हणा. ‘आपण’ म्हणालात की मंजुरीआधीच एक झालात असा अर्थ निघतो, आणि मग मला घाम फुटतो."

"मी आदराने म्हणालो," तो शांतपणे म्हणाला. "‘आपण’ आदरार्थीही असतं."

"आदराने म्हणायचं तर ‘आपण भेटलात’ झालं असतं. तुम्ही म्हणालात ‘भेटलो’. व्याकरण मलाही येतं."

सगळे हसले. वाटाडी हसली नाही. ती खाली मान घालून बशी पुसत बसली. पण ते ‘भेटलो’ तिच्या कानातून दिवसभर काही हललं नाही.

दुसरा नियम त्याहून कडक. दोन्हीकडच्या माणसांनी वकीलबाईंशिवाय भेटायचं नाही. चहालाही नाही. पुढचे बेत, किमती, नवी वाक्यं… यातलं एक अक्षर बोलायचं नाही.

झालं! एरवी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं असतं, चार दिवसांत विसरली असती. पण माणसाला नको म्हटलं की तेच हवं होतं.

*

समोरच्या कंपनीतला तो, म्हणजे ऑफिसच्या भाषेत पाहुणा, मंजुरीचं काम संपेपर्यंत इथेच राहणार होता. त्याला खालच्या मजल्यावरची खोली दिली होती, आणि तिची किल्ली वकीलबाईंकडे. रोज दुपारी बैठक. टेबलाच्या एका बाजूला वाटाडी, समोर पाहुणा, मध्ये वकीलबाई. कामाचं बोलायचं नाही म्हटल्यावर उरतं काय? हवा, चहा आणि चपला.

"आज नवीन चपला?" तो विचारायचा.

"जुन्याच आहेत. धुतल्यात."

"छान धुतल्यात."

वकीलबाई गोळी चघळत खिडकीबाहेर बघायच्या.

एकदा त्याच्या तोंडून निसटलंच. "ते ‘तुम्ही चुकलात’ मी बदलणार आहे. त्या दिवसापासून डोक्यात…"

खोकला!

"माफ करा," तो म्हणाला, "हवा छान आहे."

म्हणजे ते वाक्य याचं होतं! वाटाडीला हसू आवरेना, आणि मग अचानक हसू गेलंही. ते वाक्य याचं, तर मग बाकीची वाक्यंही याचीच की. चार वर्षं ती रोज सकाळी त्या ॲपची कळ दाबून, कानात घालून चालत आली होती. ज्या माणसावर जळली, ज्याच्यामुळे पुन्हा पुन्हा लिहायला बसली, ज्याचं नाव-गाव माहीत नसताना ज्याच्याशी मनातल्या मनात भांडली, तो हा. समोर बसून चहात बिस्कीट बुडवणारा. त्याचं अर्धं बिस्कीट पडलंही चहात.

"एक विचारू?" तिने वकीलबाईंना विचारलं. "‘आपण’ला बंदी आहे. ‘तू’ला आहे का?"

वकीलबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "त्याबद्दल आयोगाचा काही नियम नाही," त्या म्हणाल्या आणि दुसरी गोळी तोंडात टाकली.

पण ‘तू’ म्हणायचं धाडस दोघांपैकी एकालाही झालं नाही. बंदी नसलेल्या गोष्टीच माणसाला जास्त जड जातात.

*

एका संध्याकाळी ती छापखान्यामागच्या बोळात गेली. कशाला? तिलाच विचारा. भिंत तिथेच होती, शेवाळं तिथेच होतं. आणि भिंतीला टेकून तो उभा होता.

"मी चुकून आलो," तो घाईघाईने म्हणाला. "ॲपमुळे."

"कुणाच्या?"

"तुमच्याच. आमचं इतकं वाईट नाही."

वकीलबाई नव्हत्या. मध्ये कुणी खोकणारं नव्हतं. आणि तरी दोघांमध्ये एक खुर्ची मावेल एवढं अंतर आपोआप राहिलं.

"मंजुरी आली," तो म्हणाला, "की मी इथेच. तुमच्याच मजल्यावर. टेबलं शेजारी लावायची म्हणताहेत."

"आणि नाही आली तर?"

"तर परत. आमच्या शहरात… आणि मग कायमचे स्पर्धक. कामाचं तर सोडाच, भेटायलाही कारण उरणार नाही." तो थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. "मला वाटतं, आ…"

"काय?"

"आ… आभाळ आलंय."

"हो," ती म्हणाली. "आलंय खरं."

वर आभाळ निरभ्र होतं. दोघांनीही ते मान वर करून नीट पाहून घेतलं.

त्या रात्री तिने देवाकडे काही मागितलं असेल तर एकच. मंजुरी येऊ दे. शेजारी टेबल लागू दे. त्याचं बिस्कीट चहात पडलेलं जन्मभर बघत बसायची तिची तयारी होती.

*

आणि नेमकं त्याच वेळी आयोगाने कळवलं की वाक्यं प्रत्यक्ष लिहिणारं माणूस समोर हवं.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. साहेब म्हणजे गोड बोलून काम काढणारा माणूस. "घाबरायचं काही कारण नाही. एकच सांगायचं. त्यांचं ॲप गाडीवाल्यांचं, आपलं पायी चालणाऱ्यांचं. दोघांची वाटच वेगळी. मग स्पर्धा कसली? एवढं म्हणालीस की मंजुरी खिशात."

एवढंच. एक वाक्य. वाक्यं लिहिण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सुनावणीच्या सकाळी मावशीने तिला गाडीत घातलं. आई गेल्यापासून ती मावशीकडेच वाढली होती. मावशी दातांची डॉक्टर. हात हलका, जीभ जड. गाडीत स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना दोन मोबाईल लावलेले. एकात भाचीचं ॲप, दुसऱ्यात ते दुसरं.

"डावीकडे वळू या," एक म्हणालं.

"सरळ चला," दुसरं म्हणालं.

"तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना," मावशी म्हणाली आणि सरळ गेली.

"मावशी, दोन-दोन कशाला लावतेस गं?"

"एकालाच विचारलं की ते डोक्यावर बसतं. माझ्या दवाखान्यासमोर ती दुसरी दातवाली आली ना, तेव्हापासून मी वेळेवर दार उघडते. काकांना विचार. त्याआधी पेशंट पायरीवर बसून राहायचे आणि मी घरी भाजी निवडत असायचे." मावशीने हॉर्न दाबला. "आणि तो पाहुणा? मंजुरी नाही आली तर जाईल ना परत?"

"जाईल."

"मग?"

"मग काय मग! पुढे बघून चालव."

मावशीने पुढे पाहिलं. पण तिचा एक हात भाचीच्या गुडघ्यावर येऊन बसला आणि गाडी थांबेपर्यंत तिथेच राहिला.

*

आयोगाची खोली म्हणजे एक लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास आणि भिंतीवरचं घड्याळ. मागच्या रांगेत साहेब. त्यांच्याशेजारी वकीलबाई. अगदी कडेला तो.

अध्यक्षबाईंचा आवाज मऊ होता, आणि प्रश्न सोपा. "समोरची कंपनी नसती, तर तुमच्या कामात काय फरक पडला असता?"

साहेबांचं वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर होतं. गाडीवाल्यांचं, पायी चालणाऱ्यांचं. बस्स. ते म्हटलं की शेजारी टेबल. ते म्हटलं की रोजचा चहा. तिने तोंड उघडलं… आणि तिला मावशीच्या गाडीतले दोन मोबाईल दिसले.

"मी आळशी झाले असते," ती म्हणाली.

मागे साहेबांची खुर्ची करकरली.

"म्हणजे?"

"सुरुवातीला आमचं ॲप फक्त डावं-उजवं सांगायचं. मग एके दिवशी त्यांच्या ॲपने म्हटलं, ‘सावकाश, पुढे शाळा आहे.’ मला झोप लागली नाही. हे मला का नाही सुचलं? मी लिहिलं, ‘सावकाश, शाळा सुटायची वेळ आहे.’ मग त्यांनी दवाखान्याजवळ आवाज हळू केला. कुणी सांगितलं नव्हतं. मला राग आला… आणि रडूही आलं, कारण तिकडे कुणीतरी आजारी माणसाचा विचार करत बसलं होतं. मग मी ‘चुकीचा रस्ता’ काढून टाकलं आणि ‘हरकत नाही’ लिहिलं. त्यांच्यापेक्षा चांगलं व्हावं म्हणून. रोज सकाळी उठले की आधी त्यांचं ॲप कानात घालते, चार वर्षं झाली. ते माणूस कोण, हे मला माहीत नव्हतं. पण ते मला स्वस्थ बसू देत नव्हतं. ते नसतं तर आज मी आहे ती नसते."

ती बोलायची थांबली, तेव्हा तिला कळलं की आपण अध्यक्षबाईंकडे बघून बोलतच नव्हतो.

"म्हणजे तुमच्यात स्पर्धा आहे," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

"इथे तिला स्पर्धाच म्हणतात ना?" ती म्हणाली. "मग आहे."

अध्यक्षबाईंनी कडेला बसलेल्याला विचारलं. "आणि तुमच्याकडून?"

तो उभा राहिला. त्याच्याही साहेबांनी त्याला एक वाक्य दिलंच असणार. "त्या म्हणाल्या ते सगळं खरं आहे," तो म्हणाला. "आमच्याकडूनही… तसंच. पहिल्यापासून."

आणि वकीलबाई एवढं सगळं होऊनही खोकल्या नाहीत.

*

मंजुरी नाकारली गेली. एकट्या हिच्या बोलण्यावर नव्हे. आयोगापुढे आकड्यांचा ढीग होता, गाडीवाल्यांच्या तक्रारी होत्या. पण निकाल वाचताना साहेबांनी जे तिच्याकडे पाहिलं, त्यावरून खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं ते कळत होतं. नोकरी राहिली, साहेबांचं गोड बोलणं तेवढं गेलं. त्याचं तिला सोयरसुतक नव्हतं.

शेवटची बैठक एकमेकांची कागदपत्रं परत करायची. वकीलबाईंनी मोजून घेतली, सह्या घेतल्या. "आता तुम्ही पक्के स्पर्धक," त्या म्हणाल्या. "कामाचं एक अक्षर एकमेकांशी बोलायचं नाही. पुढेही." मग त्यांनी गोळ्यांची डबी पर्समध्ये टाकली आणि उठल्या. "माझं काम झालं."

आणि दार लावून निघून गेल्या.

दोघंच. एवढे दिवस ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते मिळालं, तर दोघांच्या तोंडाला कुलूप! मधल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली दोघंही.

"रागावलात?" तिने विचारलं. "मीच मोडलं."

"मी खोटं बोललो असतो," तो म्हणाला. "खरंच सांगतो. शेजारच्या टेबलासाठी… डोळे मिटून बोललो असतो."

"मग मला तुम्ही आवडला नसता."

शब्द गेले तोंडातून. आता परत थोडेच येतात! तिच्या गालांना आग लागली.

"म्हणजे… आवडतो?"

"गाडी चुकेल तुमची," ती म्हणाली.

तो उठला. दारापाशी थांबला, वळला, ओठ हलले… आणि बहुतेक पुन्हा ते आभाळ आडवं आलं. "निघतो," एवढंच म्हणाला.

"सावकाश," ती म्हणाली. "पुढे शाळा आहे."

हे त्याचंच वाक्य. तो हसला, पण डोळे भरून हसला, आणि जिना उतरून गेला. खिडकीतून तिला त्याची पाठ दिसत राहिली, मग तीही दिसेनाशी झाली.

*

नंतरचे दिवस कसे गेले, ते विचारू नका. फोन करावा तर काय बोलावं? हवा, चहा आणि चपला? दोन शहरांतल्या दोन माणसांनी चपलांवर किती बोलायचं? त्याचाही फोन नाही. दुपारी चहाची वेळ झाली की तिची नजर समोरच्या खुर्चीवर जायची, आणि तिथे हिशेबखात्यातला कुणीतरी खाकरत बसलेला असायचा. मावशी सकाळी चहात साखर जास्त घालायची.

सवय मात्र सुटली नाही. रोज सकाळी कानात त्याचं ॲप. कामच होतं ते, त्याला कोण नाही म्हणणार?

अशीच एका सकाळी ती चालत होती. मन ठिकाणावर नव्हतं, पाय आपले चालले होते, आणि बघते तो छापखान्यामागचा बोळ. समोर भिंत. शेवाळं चांगलंच वाढलेलं. ती उभी राहिली. आता कानात खेकसणार. तुम्ही चुकलात, मागे फिरा.

"आपण चुकलो," आवाज म्हणाला. "मागे वळू या."

तिने कानातलं आणखी घट्ट बसवलं.

नवं वाक्य! त्या सकाळी देशभर हजारो माणसं रस्ता चुकली असतील, हजारोंच्या कानात हे पडलं असेल, आणि ॲप एकाएकी नरमलं कसं, असं वाटून ती कामाला लागली असतील. पण तिला तर व्याकरण येत होतं. तिने चार पावलं मागे जाऊन परत भिंतीकडे चालून पाहिलं.

"आपण चुकलो. मागे वळू या."

तिने फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"व्याकरणाची एक शंका आहे," ती म्हणाली. "‘आपण चुकलो’. हा ‘आपण’ आदराचा आहे का?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग तो म्हणाला, "नाही. आदराचा असता… तर ‘चुकलात’ झालं असतं."

"एवढंच विचारायचं होतं."

"एवढंच?"

ती भिंतीला टेकली. ओलं शेवाळं पाठीला लागलं, लागू दे. "नाही," ती म्हणाली. "तू येतोस का?"

तू! आलं एकदाचं तोंडातून. पलीकडे किल्ल्यांचा आवाज झाला, दार आपटल्याचा, मग धावत जिना उतरल्याचा.

"निघालो. बघतोय… तुमचं ॲप म्हणतंय, संध्याकाळ होईल. आमचं म्हणतंय, चहाच्या वेळेला पोहोचेन."

चार वर्षं! चार वर्षं जिने त्या ॲपला कधी चांगलं म्हटलं नाही, मावशीच्या गाडीतसुद्धा ज्याचा आवाज गुपचूप बारीक केला, ती वाटाडी डोळे पुसत हसली.

"मग तुमच्याच ॲपने ये," ती म्हणाली.